सूर्यमालेच्या कडेचे भारित कण आणि ते मोजणारी यानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, बीड, परभणी, नांदेडकडच्या शाळा-कॉलेजांत आकाशदर्शनाचा कार्यक्रम असला की दुर्बिणीतून गुरूचे चंद्र आणि शनीची कडी बघून झाल्यावर प्रश्नांना तोंड फुटतं. गुरूजवळ यान गेलं तर जळतं का? व्हॉएजर यान सूर्यमालेबाहेर गेलं हे कळलं कसं? हे प्रश्न पोरंही विचारतात आणि त्यांना घेऊन आलेले पालकही. त्यांतले भारित कणांविषयीचे प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

भारित कण म्हणजे नेमकं काय?

अणूतून एखादा इलेक्ट्रॉन सुटला की उरलेला अणू धनभारित होतो, त्याला आयन म्हणतात. सुटा इलेक्ट्रॉन ऋणभारित असतो. दोघांवरही विद्युतभार असल्यामुळे चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवतं, अडकवतं, वेग देतं. सूर्यापासून असे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सतत बाहेर वाहत असतात. हाच सौरवारा. त्याचा वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर असतो आणि पृथ्वीजवळ एका घन सेंटिमीटरमध्ये त्याचे पाचेक प्रोटॉन सापडतात. नेपच्यून आपल्यापेक्षा सूर्यापासून ३० पट लांब आहे, म्हणून तिथे हाच वारा जवळजवळ ९०० पट विरळ होतो.

सौरवाऱ्याशिवाय आणखी दोन प्रकार लक्षात ठेवावेत. ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले कण हा एक. दुसरे म्हणजे दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांसारख्या घटनांतून निघून सगळ्या दीर्घिकेत भटकणारे वैश्विक किरण. त्यांना किरण म्हणत असले तरी तेही कणच आहेत, बहुतेक प्रोटॉन.

यानाच्या कॅमेऱ्यातून इतके सुंदर फोटो येतात, मग कण मोजायची गरज काय?

कारण दोन ग्रहांच्या मधल्या अफाट जागेत फोटो काढण्यासारखं काहीच नसतं. तिथे काय चाललं आहे ते कणच सांगतात. कधी कधी तर कॅमेऱ्याला न दिसलेली वस्तूही कणांच्या मोजणीत सापडते.

पायोनियर ११ हे यान १ सप्टेंबर १९७९ रोजी शनीजवळून गेलं. शनीजवळ पोचलेलं ते पहिलं यान. त्याच्यावर अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या जेम्स व्हॅन ॲलन यांच्या गटानं बनवलेल्या गायगर नळ्या, म्हणजे वेगवान कण मोजणाऱ्या नळ्या, होत्या. १९५८ मध्ये एक्सप्लोरर १ या उपग्रहावर गायगर नळी बसवून पृथ्वीभोवतीचे प्रारण-पट्टे, म्हणजे वेगवान भारित कण अडकलेले पट्टे, शोधणारे व्हॅन ॲलन ते हेच. शनीभोवती अडकलेल्या कणांतून यान जात असताना कणांची संख्या एका ठिकाणी काही सेकंदांसाठी अचानक पडली आणि पुन्हा वर आली. वाटेतल्या एखाद्या घन वस्तूनं कण शोषून घेतल्याशिवाय असं होत नाही. यान एका छोट्या चंद्राच्या अगदी जवळून गेलं होतं. तो चंद्र बहुधा एपिमिथियस असावा. दुसऱ्या एका जागी अशीच पण पसरट घट दिसली आणि तिथे एक अंधूक कडं असावं असा निष्कर्ष निघाला. पुढच्याच वर्षी व्हॉएजर १ च्या फोटोत ते कडं दिसलं. त्याला आज जी-कडं म्हणतात.

माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मोलाचं काम असंच झालं आहे. एखादा आकडा खाली येतो, दुसरा वर जातो, आणि तो का बदलला याचा विचार करणारी माणसं जमिनीवर बसलेली असतात. शाळेत मुलांना यानांचे फोटो आपण आवर्जून दाखवतो. असे आलेखही तितक्याच आवर्जून दाखवले पाहिजेत.

कण मोजतात कसे?

कणांच्या ऊर्जेप्रमाणे उपकरण बदलतं. सौरवाऱ्यासारख्या संथ कणांसाठी फॅराडे कप वापरतात. धातूच्या कपाच्या तोंडावर जाळी असते आणि जाळीला व्होल्टेज दिलेलं असतं. खळ्यावर वेगवेगळ्या भोकांच्या चाळण्यांतून धान्य चाळतात तसं हे व्होल्टेज बदलत नेलं, की ठरावीक ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा असलेलेच कण आत शिरतात आणि तळाशी विद्युतप्रवाह म्हणून मोजले जातात. व्हॉएजर १ वरचं हे उपकरण १९८० मध्ये बंद पडलं. व्हॉएजर २ वरचं २०२४ पर्यंत चाललं. हा फरक पुढे किती महागात पडला ते खाली येईलच.

वेगवान कणांसाठी सिलिकॉनच्या पातळ चकत्या एकामागे एक ठेवतात. कण किती चकत्या भेदून गेला आणि प्रत्येकीत किती ऊर्जा सोडून गेला, यावरून तो प्रोटॉन होता, हेलियम होता की लोखंडाचं अणुकेंद्र, हे ओळखता येतं.

कण कोणत्या दिशेनं आला हेही कळावं लागतं. म्हणून दोन्ही व्हॉएजरवरचं कमी ऊर्जेच्या भारित कणांचं उपकरण फिरत्या बैठकीवर बसवलं होतं. एक छोटी मोटर दर १९२ सेकंदांनी विजेचा एक झटका घेऊन बैठक पुढे सरकवायची. यान शनीपर्यंत पोचेतो मोटर टिकावी एवढीच अपेक्षा होती, म्हणून पाठवण्याआधी तिची ५ लाख पावलांची चाचणी घेतली. व्हॉएजर २ वरची मोटर बंद केली तोपर्यंत तिनं ८५ लाखांहून जास्त पावलं टाकली होती. त्या थंडीत, अधूनमधूनही कुणाचा हात न लागता! ज्यांनी ती बनवली त्यांच्या कारागिरीला मनापासून नमस्कार करावासा वाटतो.

गुरूजवळ इतकं जबर प्रारण का आहे?

तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. गुरूचं चुंबकत्व पृथ्वीच्या सुमारे २०,००० पट आहे. एवढा प्रचंड ग्रह दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्याबरोबर चुंबकीय क्षेत्रही फिरतं. तिसरी गोष्ट म्हणजे आयो. या चंद्रावर धगधगते ज्वालामुखी आहेत, हे मार्च १९७९ मध्ये व्हॉएजर १ च्या चित्रांत मोहिमेवरच्या अभियंत्या लिंडा मोराबिटो यांच्या लक्षात आलं. आयोपासून दर सेकंदाला साधारण एक टन पदार्थ सुटतो. त्यातले गंधक आणि ऑक्सिजनचे अणू आयन बनतात, गुरूच्या क्षेत्रात सापडतात आणि त्याच्या फिरण्यासोबत ओढले जातात. त्यातून आयोच्या कक्षेभोवती आयनांचं एक जाड वलय तयार झालं आहे.

पायोनियर १० डिसेंबर १९७३ मध्ये तिथे पहिल्यांदा गेलं. माणसाला मारून टाकणाऱ्या मात्रेच्या कित्येकशे पट प्रारण त्याला सोसावं लागलं, आणि काही उपकरणांना भलत्याच आज्ञा मिळाल्या. ते आकडे हाती होते म्हणूनच व्हॉएजरचे इलेक्ट्रॉनिक भाग वेळेवर जास्त मजबूत करता आले. पायोनियर गेलं नसतं तर व्हॉएजर गुरूपाशीच निकामी होण्याचा धोका मोठा होता.

जुलै २०१६ मध्ये गुरूच्या कक्षेत शिरलेल्या जुनो या यानाचा मेंदू, म्हणजे संगणक आणि इलेक्ट्रॉनिक भाग, सुमारे एक सेंटिमीटर जाडीच्या टायटॅनियमच्या पेटीत ठेवला आहे. ती लांबुळक्या ध्रुवीय कक्षेत फिरते आणि प्रारणाचे सगळ्यात वाईट पट्टे शक्य तितके चुकवते. तिचा कॅमेरा मात्र त्या पेटीच्या बाहेर आहे. २०२३ मध्ये प्रारणानं त्याची चित्रं पार बिघडली, सगळीकडे रेघा आणि ठिपके. तेव्हा पृथ्वीवरून आज्ञा देऊन कॅमेरा मुद्दाम तापवला. सिलिकॉनमध्ये झालेली इजा उष्णतेनं काही वेळा भरून येते. ३० डिसेंबर २०२३ ला जुनो आयोपासून फक्त दीड हजार किलोमीटरवरून गेली, आणि त्याच्या अगदी तोंडावर चित्रं पुन्हा स्वच्छ येऊ लागली.

शनीचं काय? तिथेही तेवढाच धोका?

नाही. शनीची कडी कणांना गिळून टाकतात, त्यामुळे मुख्य कड्यांच्या वरची जागा फारच शांत आहे. कॅसिनी यान २००४ ते २०१७ शनीभोवती फिरलं. शेवटच्या काही फेऱ्यांत ते कडी आणि ग्रह यांच्या मधल्या अरुंद फटीतून गेलं, तेव्हा तिथे प्रोटॉनांचा एक वेगळाच छोटा पट्टा सापडला. कडी मध्ये असल्यामुळे बाहेरचे कण तिथे पोचू शकत नाहीत. वैश्विक किरण कड्यांवर आणि वातावरणावर आदळतात, त्यातून न्यूट्रॉन सुटतात, आणि ते न्यूट्रॉन मोडून हे प्रोटॉन तयार होतात. शनीजवळच्या आयनांत पाण्याचा मोठा वाटा आहे. ते पाणी एन्सेलाडस चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भेगांतून उसळणाऱ्या फवाऱ्यांतून येतं.

युरेनस आणि नेपच्यूनबद्दल काय माहीत आहे?

फार कमी. दोन्हीकडे आजवर एकच यान गेलं आहे: व्हॉएजर २, जानेवारी १९८६ मध्ये युरेनसजवळून आणि ऑगस्ट १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून. युरेनसचा चुंबकीय अक्ष त्याच्या फिरण्याच्या अक्षापासून जवळपास ६० अंश कललेला आहे, नेपच्यूनचा ४७ अंश. युरेनसजवळ इलेक्ट्रॉनांचे तीव्र पट्टे होते, पण प्लाझ्मा, म्हणजे आयन आणि सुट्या इलेक्ट्रॉनांचा वायू, जवळजवळ नव्हताच. हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. २०२४ मध्ये जुनी मोजमापं नव्यानं तपासल्यावर दिसलं, की यान पोचण्याच्या थोडंच आधी सौरवाऱ्याच्या जोरदार लाटेनं युरेनसचं चुंबकावरण, म्हणजे त्याच्या चुंबकीय क्षेत्रानं व्यापलेली जागा, दाबून टाकलं होतं. एरवी तशी अवस्था फक्त चार टक्के वेळा असते. म्हणजे एका अपवादाच्या दिवशी पाहिलं, आणि पुस्तकांत तेच युरेनसचं नेहमीचं रूप म्हणून आलं. नुसतं जवळून निघून जाणारं यान पुरेसं का नसतं आणि ग्रहाभोवती वर्षानुवर्षं फिरणारं यान का हवं, ते यावरून कळतं.

व्हॉएजर १ सूर्यमालेबाहेर गेलं हे कळलं कसं? तिथे काही पाटी तर नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. उत्तर मोठं आहे.

सौरवारा बाहेर वाहताना आपल्याबरोबर सूर्याचं चुंबकीय क्षेत्र घेऊन जातो. त्यानं व्यापलेला जो प्रचंड फुगा आहे, त्याला सूर्यावरण म्हणतात. फुग्याबाहेर ताऱ्यांमधला थंड, दाट प्लाझ्मा असतो. फुग्याची कड गाठायच्या आधी सौरवारा एका जागी एकदम मंदावतो. या आघात-सीमेपाशी व्हॉएजर १ डिसेंबर २००४ मध्ये पोचलं, सूर्यापासून ९४ खगोलीय एकक अंतरावर. एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर. तिथे एक अंदाज कोलमडला. काही विशिष्ट वैश्विक किरणांना याच सीमेवर वेग मिळतो असं सगळे धरून चालले होते, पण सीमा ओलांडताना त्यांचा उगम तिथे दिसलाच नाही. तो शोध पुढे बरीच वर्षं चालू राहिला.

मग २०१२ साल आलं. जुलैच्या शेवटी फुग्याच्या आतल्या कणांची संख्या अचानक घसरली आणि काही दिवसांत पूर्ववत झाली. ऑगस्टच्या मध्यात पुन्हा तेच. २५ ऑगस्टला घसरली ती मात्र परत चढलीच नाही. आतले कण हजार पटींहून अधिक कमी झाले, आणि त्याच वेळी दीर्घिकेतून येणारे वैश्विक किरण ९ टक्क्यांनी वाढले. यान तेव्हा सूर्यापासून सुमारे १२२ एककांवर होतं.

एवढा पुरावा पुरे वाटेल, पण शास्त्रज्ञ लगेच बोलले नाहीत. बाहेर गेल्यावर चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलेल असा सर्वांचा कयास होता आणि ती तर बदललीच नव्हती. बाहेरचा प्लाझ्मा दाट असतो हे थेट मोजलं असतं की वादच मिटला असता, पण तो मोजणारा फॅराडे कप १९८० पासून बंद. मोहिमेचे मुख्य शास्त्रज्ञ एडवर्ड स्टोन यांनी घाई केली नाही. १९७२ पासून २०२२ पर्यंत म्हणजे पन्नास वर्षं ते या पदावर होते. या प्रकरणातला त्यांचा संयम मला फार मोठा वाटतो.

वाद अखेर सूर्यानंच मिटवला. मार्च २०१२ मध्ये सूर्यावर मोठे उद्रेक झाले. त्यांची लाट तब्बल तेरा महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये, व्हॉएजरपर्यंत पोचली आणि आसपासचा प्लाझ्मा थरथरू लागला. प्लाझ्मा जितका दाट, तितकी ही थरथर जलद. डोनाल्ड गर्नेट यांच्या गटाचं प्लाझ्मा-लहरींचं उपकरण चालू होतं, त्यानं ती टिपली. हिशेब केला तर एका घन सेंटिमीटरला ०.०८ इलेक्ट्रॉन निघाले, फुग्याच्या आतल्यापेक्षा चाळीस पटींहून जास्त. आधीच्या नोंदी पुन्हा चाळल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१२ मधली एक बारीक थरथरही सापडली, आणि त्यावरून मागे जात २५ ऑगस्ट ही तारीख पक्की झाली. सप्टेंबर २०१३ मध्ये ही बातमी जाहीर झाली.

व्हॉएजर २ नं हीच सीमा ५ नोव्हेंबर २०१८ रोजी ११९ एककांवर ओलांडली. त्याचा फॅराडे कप शाबूत होता, त्यामुळे सौरवारा थांबताना थेट दिसला आणि या वेळी कुणालाही शंका राहिली नाही.

म्हणजे व्हॉएजर सूर्याच्या पकडीतून सुटलं?

सौरवाऱ्याच्या फुग्यातून बाहेर पडलं. सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाची सत्ता त्याच्याही फार पलीकडे आहे. धूमकेतूंचं घर असलेल्या ऊर्ट मेघाच्या आतल्या कडेशी पोचायलाच व्हॉएजर १ ला अंदाजे तीनशे वर्षं लागतील.

ही यानं अजून किती दिवस माहिती पाठवतील?

दोन्ही यानं १९७७ मध्ये सुटली. वीज प्लुटोनियमच्या उष्णतेवर तयार होते आणि दरवर्षी साधारण चार वॉटनं घटते. म्हणून उपकरणं एकेक करून बंद करावी लागत आहेत. व्हॉएजर १ चं वैश्विक किरणांचं उपकरण २५ फेब्रुवारी २०२५ ला बंद केलं, व्हॉएजर २ चं फिरत्या बैठकीचं उपकरण २४ मार्च २०२५ ला. त्यानंतर प्रत्येक यानावर तीन-तीन उपकरणं उरली. व्हॉएजर १ चा संदेश आपल्यापर्यंत यायला २३ तासांहून जास्त लागतात आणि माहिती येते सेकंदाला अवघे १६० बिट. त्या जागेतून बोलणारं दुसरं कुणी नाही, म्हणून प्रत्येक उपकरण बंद झाल्याची बातमी वाचताना वाईट वाटतं.

हे कण आपल्या शेतावर, पावसावर, तब्येतीवर परिणाम करतात का?

गुरू-शनीजवळचे पट्टे तिथेच अडकलेले आहेत. गुरूचे थोडे इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या परिसरापर्यंत येतात हे खरं, दर १३ महिन्यांनी त्यांची संख्या वाढल्याचंही यानांवरून दिसतं. पण त्यांनी पाऊस लांबत नाही की सोयाबीनवर रोग पडत नाही. तशा पोस्ट फिरत असतील तर पुढे पाठवू नका.

वैश्विक किरण मात्र रोज आपल्याला भेटतात. ते वातावरणावर आदळले की म्यूऑन नावाचे कण तयार होतात. तळहात आडवा धरला तर त्यातून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन आरपार जातो. जन्मापासून हे चालूच आहे, घाबरण्यासारखं काही नाही. या म्यूऑनचा एक छान उपयोग आपल्याच देशात झाला. उटीच्या ग्रेप्स-३ या वैश्विक किरणांच्या प्रयोगानं १ डिसेंबर २०१४ ला गडगडाटी ढगातून येणाऱ्या म्यूऑनची घट मोजली आणि त्या ढगात सुमारे १३० कोटी व्होल्ट असल्याचा हिशेब काढला. मे-जूनमध्ये आपल्या शिवारात विजेनं माणसं आणि जनावरं दगावतात, त्या ढगांत काय भरलेलं असतं ते या आकड्यावरून कळावं. आभाळ गडगडायला लागलं की झाडाखाली थांबू नका आणि मोबाइलवर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप ठेवा.

औंढा नागनाथला उभारतायत तो प्रकल्प याचसाठी आहे का?

नाही. हिंगोली जिल्ह्यातला लायगो-इंडिया हा प्रकल्प गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे सूक्ष्म तरंग, टिपण्यासाठी आहे. त्याचा विषय वेगळा आणि तोही तितकाच मोठा.

यात भारताचं काम काय?

बाह्य ग्रहांकडे आपलं यान अजून गेलेलं नाही. पण २ सप्टेंबर २०२३ ला सुटलेलं आदित्य-एल१ सौरवाऱ्याचे कण उगमाच्या बाजूनं मोजतं. त्यावरचं ॲस्पेक्स हे उपकरण अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेनं बनवलं. वैश्विक किरणांचा अभ्यास आपल्याकडे होमी भाभांपासून चालत आला आहे. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. तिथून उडवलेल्या मोठ्या बलूनची उपकरणं पॅराशूटनं दूरवरच्या शेतांत उतरतात. आपल्या शिवारात असं काही उतरलेलं दिसलं तर हात लावू नका, उघडू नका, पोलिसांना कळवा. त्यात काहींची अनेक वर्षांची मेहनत असते.

मला यात शिकायचं आहे. इंग्रजी कच्चं आहे, गाव लहान आहे. जमेल का?

जमेल. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि गणित घ्या. विद्युतचुंबकत्व मन लावून शिका, कारण इथे सगळं त्याच्यावरच उभं आहे. थोडं पायथन (संगणकाची एक भाषा) शिका. एम.एस्सी. छत्रपती संभाजीनगरच्या किंवा नांदेडच्या विद्यापीठातून करता येईल, आयआयटीत एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा आहे. नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था, अहमदाबादची प्रयोगशाळा आणि पुण्याचं आयुका (खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र) या संस्थांवर लक्ष ठेवा. व्हॉएजर, कॅसिनी, जुनोची मोजमापं इंटरनेटवर फुकट खुली आहेत. व्हॉएजर १ चे २०१२ चे आकडे उतरवून घ्या आणि २५ ऑगस्टची घसरण स्वतः आलेखावर काढा. पुढचा अभ्यास कशासाठी करायचा ते तेव्हा कुणी सांगावं लागणार नाही.

व्हॉएजर आकाशात कुठे आहेत?

दुर्बिणीतून दिसणार नाहीत, पण दिशा दाखवता येते. व्हॉएजर १ भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेनं आहे. मे महिन्यात गच्चीवर झोपला असाल तर मध्यरात्रीनंतर तो भाग बराच वर आलेला असतो. व्हॉएजर २ दक्षिणेला मयूर तारकासमूहाकडे आहे. आपल्याकडून ती दिशा क्षितिजापासून जेमतेम बारा अंश वर येते. सप्टेंबर अखेरीस रात्री आठच्या सुमारास दक्षिण मोकळी असेल तर बघा.

यापुढे काय?

गुरूच्या चंद्रांकडे दोन यानं निघाली आहेत. युरोपची ज्यूस मोहीम २०३१ मध्ये पोचेल, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुटलेलं युरोपा क्लिपर २०३० मध्ये. क्लिपर सुटण्याच्या काही महिने आधी त्यातले ट्रान्झिस्टर गुरूच्या प्रारणात तग धरतील का अशी शंका आली होती. मग कसून चाचण्या घेऊन मोहिमेला हिरवा कंदील मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सुटलेलं आयमॅप पृथ्वीच्या जवळ राहूनच सूर्यावरणाच्या कडेचा नकाशा बनवणार आहे. कडेला तयार होणारे, भार गमावलेले अणू चुंबकीय क्षेत्राला न जुमानता सरळ आपल्यापर्यंत येतात, ते हे यान टिपतं.

माझं लक्ष मात्र न्यू होरायझन्सकडे आहे. २०१५ मध्ये प्लूटोजवळून गेलेलं हे यान वर्षाला जवळपास तीन एकक पुढे सरकतं आहे. सौरवाऱ्यात वाटेत सामील झालेले बाहेरचे आयन मोजण्याची सोय त्याच्यावर आहे, व्हॉएजरवर ती नव्हती. आघात-सीमेवरची बहुतेक ऊर्जा याच आयनांकडे जाते असं व्हॉएजर २ च्या मोजमापांवरून वाटतं. न्यू होरायझन्स त्या सीमेपर्यंत चालू राहिलं तर ते पहिल्यांदाच थेट तपासता येईल, आणि त्यासाठी लागणारा पैसा व वीज शेवटपर्यंत पुरवली गेली पाहिजे.